इसहाकाच्या विहिरी : माघार कोठे घ्यावी, कोठे घेऊ नये याचा एक प्रकरण अभ्यास

अडचणीपासून कधी मागे सरावे याबद्दल ख्रिस्ती मंडळीत जो सल्ला दिला जातो, तो पुष्कळदा सल्ला देणाऱ्याच्या स्वभावावरच ठरतो. ज्याला भांडण सोसवत नाही तो डोंगरावरील प्रवचनातील दुसरा गाल पुढे करण्याची आज्ञा (मत्तय ५:३९) सांगतो, आणि ज्याला नमते घेणे अपमानाचे वाटते तो शस्त्रसामग्री धारण करून टिकून उभे राहण्याविषयीचे प्रेषित पौलाचे शब्द (इफिसकरांस ६:१३) काढून दाखवतो. दोन्ही वचने खरी आहेत. परंतु समोरच्या प्रसंगाला त्यांतील कोणते लागू पडते, हे नुसत्या वचनावरून कळत नाही. ते कळण्यासाठी एखादा पूर्ण प्रसंग हाती घ्यावा लागतो. त्यात कोण बलवान होता, कोण काय मागत होता, दाद कोणाकडे मागता येत होती आणि मागे सरणाऱ्याने नेमके काय सोडले व काय धरून ठेवले, हे एकेक करून पाहावे लागते. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या २६व्या अध्यायातील इसहाकाच्या विहिरींचा प्रसंग मी त्यासाठी निवडला आहे. याच अध्यायात एक चांगली माघार आणि एक वाईट माघार शेजारी शेजारी नोंदलेली आहे, आणि दोन्ही एकाच माणसाच्या आहेत.

परिस्थिती

देशात दुष्काळ पडलेला असताना इसहाक पलिष्ट्यांचा राजा अबीमलेख याच्याकडे गरार येथे आला. त्याचा बाप अब्राहाम याने पूर्वी अशाच दुष्काळात मिसराची (इजिप्तची) वाट धरली होती. इसहाकाला मात्र परमेश्वराने मिसरात जाण्यास स्पष्ट मनाई केली आणि याच देशात उपरा म्हणून राहा, मी तुझ्याबरोबर असेन, असे सांगितले (२६:२–३). ही मनाई पुढे फार महत्त्वाची ठरते. इसहाकाने त्या भूमीत पेरणी केली, त्याच वर्षी त्याला शंभरपट पीक मिळाले, कळप वाढले, नोकरचाकर वाढले आणि पलिष्टी त्याचा हेवा करू लागले. अब्राहामाच्या दासांनी खणलेल्या सगळ्या विहिरी त्यांनी मातीने बुजवून टाकल्या होत्या. अखेरीस अबीमलेखाने त्याला सांगितले की, तू आमच्यापेक्षा फार समर्थ झाला आहेस, तेव्हा आमच्यातून निघून जा (२६:१६).

इस्राएलच्या दक्षिणेकडील नेगेव या कोरड्या प्रदेशाच्या वायव्य भागातील आजचे तेल हारोर (‘तेल’ म्हणजे जुन्या वस्तीचे टेकाड) म्हणजेच गरार, असे अनेक अभ्यासक मानतात. तेथून बैर-शेबा सुमारे २० किलोमीटरवर आहे. बैर-शेबाच्या परिसरात वर्षाला सरासरी जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही हिवाळ्याच्या महिन्यांत. तेल बैर-शेबा येथील उत्खननात सापडलेली विहीर सुमारे ६९ मीटर खोल आहे. तिचा काळ वादग्रस्त असल्याने तिला इसहाकाच्या कथेशी जोडता येणार नाही, पण त्या भूमीत पाण्यासाठी माणसांना किती खोल जावे लागे याची कल्पना तिच्यावरून येते. अशा ठिकाणी विहीर सोडून देणे म्हणजे माणसांच्या आणि जनावरांच्या जगण्याचा आधार सोडून देणे होय. इसहाकाचे वागणे मवाळ स्वभावाचा एक गोड नमुना म्हणून सांगितले जाते तेव्हा हा कोरडेपणा विसरला जातो, आणि मग त्याने काय किंमत मोजली तेही दिसेनासे होते.

विहिरी बुजवण्याच्या कृत्यापाशीही थोडे थांबले पाहिजे. पलिष्ट्यांना पाणीच हवे असते, तर त्यांनी विहिरी ताब्यात घेतल्या असत्या. कोरड्या प्रदेशात विहीर मातीने भरणारा माणूस स्वतःचेही नुकसान करून घेत असतो. त्याला वस्तू नको असते, दुसऱ्याला ती मिळू नये एवढेच हवे असते. ज्या वादात समोरचा पक्ष स्वतःच्या तोट्याची पर्वा करीत नाही, त्या वादात देवाणघेवाणीने तोडगा निघण्याची आशा फार थोडी असते. माझ्या मते या प्रकरणातील ही पहिली खूण आहे.

एसेक आणि सितना

इसहाक गरार शहरातून निघाला, पण फार दूर गेला नाही. त्याने गरारच्या खोऱ्यात तळ दिला, बापाच्या काळातील विहिरी पुन्हा उकरल्या आणि त्यांना बापाने दिलेलीच नावे ठेवली. पुढे त्याच्या दासांनी खोऱ्यात खणले तेव्हा त्यांना वाहत्या पाण्याचा झरा लागला. लगेच गरारचे गुराखी आले आणि हे पाणी आमचे आहे म्हणून इसहाकाच्या गुराख्यांशी भांडू लागले. त्या विहिरीचे नाव एसेक, म्हणजे कलह, असे पडले. त्यांनी दुसरी विहीर खणली. तिच्यावरूनही भांडण झाले, आणि तिचे नाव सितना, म्हणजे वैर, असे ठेवले गेले. मग तो तेथून पुढे गेला व त्याने आणखी एक विहीर खणली. तिच्यावरून कोणी भांडले नाही. तिला त्याने रहोबोथ म्हटले, कारण परमेश्वराने आता आपल्याला प्रशस्त जागा दिली आहे, असे तो म्हणाला.

येथे वृत्तांताची शब्दयोजना बारकाईने पाहण्यासारखी आहे. पहिल्या भांडणानंतर तो कोठे गेला असे लिहिलेले नाही. फक्त दुसरी विहीर खणली एवढेच आहे. जागा सोडल्याचा उल्लेख येतो तो दुसऱ्या भांडणानंतर, २२व्या वचनात. मला हा फरक योगायोगाचा वाटत नाही. पहिले भांडण खरोखर त्या विहिरीचे असू शकले असते: खोऱ्यातले पाणी कोणाचे याविषयी गुराख्यांची प्रामाणिक समजूत वेगळी असणे अशक्य नव्हते, आणि तसे असते तर थोड्या अंतरावर दुसरी विहीर खणल्याने वाद मिटला असता. दुसऱ्या विहिरीवरून तोच दावा पुन्हा उभा राहिला, तेव्हा प्रश्न विहिरीचा नसून इसहाकाच्या तेथे असण्याचाच आहे, हे उघड झाले. तो पहिल्याच भांडणाला खोरे सोडून निघाला असता तर ते घाईचे ठरले असते, आणि दहाव्या विहिरीपर्यंत तेथेच राहिला असता तर तो नुसता हट्ट झाला असता. एकदा अडचणीवर उपाय करून पाहणे, आणि उपाय केल्यावरही तीच कुरापत निघाली तर ती मुळात कशाची आहे ते ओळखणे, एवढा विवेक त्याने दाखवला. मंडळीतील पुष्कळ थकलेली, प्रामाणिक माणसे वर्षानुवर्षे नव्या विहिरी त्याच खोऱ्यात खणत राहतात, आणि त्यालाच सहनशीलता म्हणतात.

विहिरी सोडून जा अशी देवाची आज्ञा इसहाकाला झाली, असेही कोठे लिहिलेले नाही. दुसऱ्या वचनातील दर्शन आणि चोविसाव्या वचनातील दर्शन यांच्यामध्ये देव काहीच बोलत नाही. एसेक आणि सितना येथले निर्णय इसहाकाने स्वतःच्या समजुतीने घेतले. प्रत्येक पावलासाठी स्वर्गातून शब्द यावा म्हणून खोळंबून राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्याच्याजवळ होती ती एक सीमा: मिसरात जायचे नाही, या देशातच राहायचे. त्याची सर्व माघार त्या सीमेच्या आत घडली. शहरातून खोऱ्यात, खोऱ्यातून पुढे आणि तेथून बैर-शेबाला तो गेला, पण वचनदत्त देश त्याने सोडला नाही. तसेच त्याने विहिरी सोडल्या, विहिरी खणणे सोडले नाही. जे काम आपल्याकडे सोपवलेले आहे ते आणि ज्या जागी, ज्या वस्तूवर, ज्या नावाने आपण ते करू पाहतो ते, या दोन गोष्टी भांडणाच्या भरात एकच वाटू लागतात. इसहाकाने त्या वेगळ्या ठेवल्या, आणि त्याच्या माघारीला पळपुटेपणा म्हणता येत नाही तो यामुळेच.

दाद मागण्याची जागा

येथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो वजनदार आहे. अब्राहामावरही हाच प्रसंग आला होता. अबीमलेखाच्या चाकरांनी त्याची विहीर बळकावली तेव्हा त्याने गप्प न बसता राजाला जाब विचारला, सात मेंढ्या साक्ष म्हणून दिल्या आणि शपथेने आपला हक्क पक्का करून घेतला (२१:२५–३१). त्याच अब्राहामाने गुराख्यांच्या भांडणात आपला पुतण्या लोट याला जमिनीची पहिली निवड दिली (अध्याय १३), आणि लोट कैद होऊन गेला तेव्हा ३१८ माणसे घेऊन शत्रूचा दानपर्यंत पाठलाग केला (१४:१४). मग बापाने जाब विचारला तेथे मुलाने गप्प का राहावे?

फरक राजाच्या भूमिकेत आहे. अब्राहामाने तक्रार केली तेव्हा अबीमलेखाचे उत्तर असे होते की, हे कोणी केले मला ठाऊक नाही, आणि आजपर्यंत मी हे ऐकलेही नव्हते. म्हणजे दाद ऐकणारा कान तेथे होता. इसहाकाच्या वेळी न्याय करू शकणाऱ्या माणसानेच त्याला निघून जायला सांगितले होते. तक्रार न्यायची ती कोणाकडे? नव्या करारातही हेच दिसते. फिलिप्पै येथे पौल चोरून निघून जाण्यास नकार देतो आणि अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे असा आग्रह धरतो, आणि पुढे रोमी सुभेदार फेस्तापुढे कैसराकडे (रोमी सम्राटाकडे) दाद मागतो (प्रेषितांची कृत्ये १६:३७, २५:११), कारण त्या व्यवस्थेत रोमी नागरिकाला ती दारे उघडी होती. तोच पौल दिमिष्कात (दमास्कसमध्ये) मात्र रात्री पाटीत बसून तटावरून खाली उतरला (९:२५). तेथे वाद घालण्यासारखे कोणी नव्हतेच. हक्क मागणे आणि हक्क सोडणे यांपैकी एक अधिक आध्यात्मिक आणि दुसरे कमी, अशी वर्गवारी शास्त्रात मला सापडत नाही.

दुसरा फरक कोणाचे काय पणाला लागले आहे, हा आहे. लोटासाठी अब्राहामाने शस्त्र उचलले, कारण तेथे दुसऱ्याचा जीव आणि स्वातंत्र्य गेले होते; कुरणासाठी त्याने उचलले नाही, कारण ते त्याचे स्वतःचे होते. स्वतःची वस्तू सोडण्याचा अधिकार माणसाला असतो, दुसऱ्याचे रक्षण सोडण्याचा नसतो. मात्र इसहाकाच्या प्रकरणात ही रेघ इतकी स्वच्छ नाही, हे मान्य केले पाहिजे. विहिरी खणल्या त्या दासांनी. एसेकची आणि सितनाची मेहनत त्यांची होती. धन्याच्या सौम्यतेपायी तीच माणसे कोरड्या जमिनीत पुन्हा खणायला लागली, आणि त्यांना काय वाटले हे वृत्तांत सांगत नाही. पुढारी जेव्हा उदार मनाने माघार घेतो तेव्हा त्या औदार्याचा भार बहुधा खालची माणसे उचलतात. इसहाकाच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, पाण्यासाठी मारामारी झाली असती तर डोकी फुटली असती ती त्याच गुराख्यांची, त्यामुळे दोन ओझ्यांपैकी त्याने हलके निवडले. तरीही संस्थेच्या, मंडळीच्या किंवा घराच्या वतीने माघार घेणाऱ्याने आपल्याबरोबर कोणाचे श्रम आपण सोडून देत आहोत, हे त्या माणसांना विचारले पाहिजे.

बळ कोणाच्या बाजूला होते

अबीमलेखाच्या एका वाक्याने या प्रकरणाचा वापर कोठे करावा आणि कोठे करू नये, हे ठरते. इसहाक आमच्यापेक्षा समर्थ झाला आहे, अशी कबुली त्याने स्वतः दिली. म्हणजे इसहाक लढू शकत होता, तरीही त्याने लढाई केली नाही. ज्याच्या हाती बळ आहे त्याने ते न वापरणे हा सौम्यपणा होय. ज्याच्या हाती काहीच नाही त्याला उद्देशून, इसहाकासारखी आपली विहीर सोडून दे, असे म्हणणे ही मात्र सरळसरळ अन्यायाची तरफदारी आहे. घरात मार खाणाऱ्या बाईला, मजुरी बुडवली गेलेल्या माणसाला किंवा पुढाऱ्याकडून छळ सोसणाऱ्या मंडळीतील सभासदाला हा अध्याय वाचून दाखवून गप्प करणारे सल्लागार असतात; त्यांनी १६वे वचन वगळलेले असते. अशा माणसाने त्या जागेपासून दूर होणे योग्यच आहे, पण तो सुटकेचा मार्ग आहे, आणि त्या मार्गावर त्याला सोबत करणे, त्याची दाद पुढे नेणे हे बळ असलेल्या इतरांचे काम आहे.

त्याच अध्यायातील दुसरी माघार

विहिरींच्या आधी, सहाव्या ते अकराव्या वचनांत, इसहाक एकदा मागे सरला होता. गरारचे लोक आपली बायको रिबका हिच्यामुळे आपल्याला मारून टाकतील या भीतीने त्याने ती आपली बहीण असल्याचे सांगितले. वरवर पाहिले तर येथेही त्याने संघर्ष टाळला, कोणावर हात उचलला नाही, शांतता राखली. परंतु या शांततेसाठी त्याने स्वतःचे काहीच सोडले नव्हते. धोक्यात टाकले होते ते रिबकेला. लबाडी उघडकीस आली ती अबीमलेखाने खिडकीतून पाहिले म्हणून, आणि देवाच्या माणसाला एका परक्या राजाकडून कानउघाडणी ऐकावी लागली.

दोन्ही माघारी शेजारी ठेवल्या की कसोटी लावणे सोपे जाते. पहिलीत, म्हणजे रिबकेच्या प्रसंगात, खोटे बोलावे लागले, दुसरीत, म्हणजे विहिरींच्या प्रसंगात, लागले नाही. पहिलीत किंमत दुसऱ्यावर ढकलली गेली, दुसरीत नुकसान मुख्यतः त्याचे स्वतःचे झाले. पहिली भीतीतून आली. दुसरीच्या मुळाशी काय होते ते रहोबोथचे नाव ठेवताना तो स्वतःच सांगतो: जागा देणारा परमेश्वर आहे, म्हणून हीच विहीर हातची गेली तर सगळे गेले, असे त्याला वाटत नव्हते. बाहेरून दोन्ही कृती सारख्याच दिसतात, म्हणून तर माणसाला स्वतःची फसवणूक करणे सोपे जाते. आपण शांतीसाठी मागे सरत आहोत की घाबरून, हे ओळखायचे असेल तर मागे सरण्यासाठी आपल्याला काही लपवावे लागत आहे का, एवढे आधी पाहावे.

येशूच्या जीवनातही दोन्ही दिशा दिसतात. नासरेथात लोक त्याला कड्यावरून लोटून द्यायला निघाले तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला (लूक ४:३०), लोक त्याला बळजबरीने राजा करू पाहत होते तेव्हा तो डोंगरावर एकटाच निघून गेला (योहान ६:१५), आणि वेळ आली तेव्हा त्याने यरुशलेमेकडे जाण्याचा दृढनिश्चय केला (लूक ९:५१). धोका शेवटच्या प्रसंगी सर्वांत मोठा होता, आणि तेथेच तो मागे सरला नाही. तेव्हा धोक्याच्या मोजमापावरून हे ठरत नाही. पित्याने सोपवलेले काम त्या जागी आहे की दुसरीकडे, यावरून ठरते.

नंतर काय झाले

बैर-शेबाला त्याच रात्री परमेश्वराने त्याला दर्शन देऊन भिऊ नको असे म्हटले. इसहाकाने वेदी बांधली, तंबू ठोकला, आणि दासांनी तेथेही विहीर खणायला घेतली. मग अबीमलेख, त्याचा स्नेही अहुज्जाथ आणि सेनापती पीकोल हे गरारहून त्याच्याकडे आले. इसहाक त्यांच्याकडे गेला नव्हता. समेटाची बोलणी सुरू झाली ती दोन्ही पक्षांत पुरेसे अंतर पडल्यावर, आणि ज्याने हाकलले त्याने पाऊल उचलल्यावर. या भेटीतील इसहाकाचे पहिले वाक्य अनेकांना खटकते, मला ते फार मोलाचे वाटते: तुम्ही माझा द्वेष केला, मला घालवून दिले, आता माझ्याकडे का आलात (२६:२७)? इतका वेळ मुकाट राहिलेला माणूस, ऐकणारा समोर येताच, झालेला अन्याय अन्याय म्हणूनच सांगतो. माघार घेताना त्याने काही घडलेच नाही असे स्वतःशी ठरवलेले नव्हते. आम्ही तुझे भलेच केले आणि तुला शांतीने पाठवले, असा उलट दावा अबीमलेख करतो, तेव्हा तो वाद मात्र इसहाक पुढे वाढवत नाही. भूतकाळाविषयी दोघांचे एकमत झाले नाही, तरी जेवण झाले आणि सकाळी शपथ झाली. पौल रोमच्या मंडळीला सर्व माणसांबरोबर शांतीने राहण्यास सांगताना, शक्य असेल तर आणि आपल्याकडून होईल तितके, असे दोन अडसर घालतो (रोमकरांस १२:१८). बैर-शेबाचा करार त्या मापाचा होता. त्याच दिवशी दासांनी येऊन पाणी लागल्याची बातमी दिली.

प्रकरण येथे संपवता आले असते, परंतु अध्याय येथे संपत नाही. शेवटच्या दोन वचनांत इसहाकाचा थोरला मुलगा एसाव याने हित्ती घराण्यांतील दोन मुली बायका केल्या आणि त्यामुळे इसहाक व रिबका यांच्या मनाला क्लेश झाले, असे नोंदले आहे. घरातील या दुखण्यावर इसहाकाने काय केले याविषयी हा अध्याय गप्प आहे. पुढच्या अध्यायात तो वृद्ध, दृष्टी गेलेला आणि एसावाला आशीर्वाद देण्यास निघालेला दिसतो. रिबका ते आडून ऐकते आणि धाकटा मुलगा याकोब याला पुढे करते; पतीपत्नी आशीर्वादाच्या विषयावर एकमेकांशी बोलल्याचे कोठेही नाही. गुराख्यांशी वागताना शहाणपणाची ठरलेली सवय कुटुंबात कामाला आली नाही, कारण तेथे दुसऱ्या खोऱ्यात जाऊन नवी विहीर खणण्याची सोय नसते. समोर बसून बोलावेच लागते, आणि ते त्याने टाळले. रिबकेने याकोबाला आपल्या भावाकडे हारानला पाठवले ते थोड्या दिवसांसाठी म्हणून (२७:४४). तो तेथे २० वर्षे राहिला, आणि आई व मुलाची पुन्हा भेट झाल्याचा उल्लेख उत्पत्तीत नाही.